पावणेअकरा सेकंदांची अठरा वर्षं

१७ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये जमैकाची एकवीस वर्षांची शेली-अ‍ॅन फ्रेझर १०० मीटरची ऑलिम्पिक विजेती झाली. वेळ १०.७८ सेकंद. २६ ऑगस्ट २०२१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस तेच अंतर १०.६० सेकंदांत धावली. मधल्या काळात तिचं लग्न झालं, सिझेरियन होऊन मुलगा झाला, पोटरी दुखावली, पायाचं बोट दुखावलं, सहा महिन्यांची बंदीही भोगून झाली. वय झालं होतं चौतीस.

०.१८ सेकंद म्हणजे असं कितीसं, असं वाटेल. पण शर्यत संपताना या बायका सेकंदाला दहा मीटरच्या आसपास जात असतात. म्हणजे एकविशीतली आणि चौतिशीतली शेली-अ‍ॅन शेजारच्या लेनमध्ये उभ्या केल्या असत्या, तर थोरलीने धाकटीला जवळपास पावणेदोन मीटरने मागे टाकलं असतं. १०० मीटरच्या शर्यतीत एवढं अंतर म्हणजे फोटो-फिनिशची गरजच नाही.

असं सहसा होत नाही. स्प्रिंटरच्या कारकिर्दीचा आलेख साधारण ठरलेला असतो. सोळा-सतराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर नाव व्हायला लागतं, विशीत राष्ट्रीय संघात जागा मिळते, चोवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान सर्वोत्तम वेळा येतात आणि तिशीनंतर घसरण सुरू होते. उसेन बोल्ट घ्या. तोही जमैकाचाच, जन्मही त्याच वर्षीचा, १९८६ चा. ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम त्याने बर्लिनला २००९ मध्ये केला तेव्हा त्याला तेविसावं वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. त्यानंतर आठ वर्षं तो धावला, जिंकत राहिला, पण त्या वेळेच्या पुढे गेला नाही. तिसाव्या वर्षी ९.९५ आणि ब्राँझ घेऊन थांबला. जगातल्या सर्वांत मोठ्या स्प्रिंटरच्या बाबतीतही आलेख असाच उतरला. मग शेली-अ‍ॅनचा वर कसा गेला? हे समजायचं तर आधी त्या दहा-अकरा सेकंदांच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल.

शंभर मीटरच्या पोटात

टीव्हीवर बघताना १०० मीटर ही एकच गोष्ट वाटते: जोरात पळायचं. प्रत्यक्षात ती तीन वेगळ्या कामांची साखळी आहे आणि प्रत्येक कामाला लागणारं शरीर थोडं वेगळं असतं.

पहिलं काम ब्लॉक्समधून, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांमधून, सुटण्याचं. ब्लॉक्सना सेन्सर असतात. आवाज झाल्यापासून ०.१०० सेकंदाच्या आत पायाचा दाब बदलला, तर तो फॉल्स स्टार्ट धरला जातो, कारण कानाने ऐकून मेंदूने पायाला सांगायला एवढा वेळ लागतोच असं नियम मानतो. २०१० पासून एकाच चुकीला बाहेर. २०११ मध्ये देगूच्या विश्वस्पर्धेत खुद्द बोल्ट असाच बाहेर गेला.

सुटल्यावर पहिले तीसेक मीटर शरीर पुढे झुकलेलं असतं आणि पाय जमिनीला मागे ढकलत असतात. इथे बुटक्या माणसाला फायदा असतो. शेली-अ‍ॅनची उंची जेमतेम पाच फूट. पाय लहान, त्यामुळे ते लवकर फिरतात आणि वेग झटकन चढतो. तिला ‘पॉकेट रॉकेट’ म्हणतात ते यामुळेच. तिच्या सुरुवातीच्या शर्यतींचं रेकॉर्डिंग बघितलं तर पाचव्या-सहाव्या पावलालाच ती इतरांपासून वेगळी झालेली दिसते.

दुसरं काम शरीर सरळ झाल्यावरचं. आता वेग ठरतो दोन गोष्टींच्या गुणाकारावर: पाऊल किती लांब आणि सेकंदाला किती पावलं. बोल्टला १०० मीटरला ४१ च्या आसपास पावलं लागायची, शेली-अ‍ॅनला जवळपास पन्नास. प्रत्येक पावलात तळवा जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ टेकतो. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट जोर जमिनीवर द्यायचा आणि उडायचं. वेगवान धावपटू हवेत पाय जास्त भराभर फिरवतात असा आपला समज असतो. अभ्यासात दिसलेलं वेगळं आहे. पाय हवेतून पुढे आणायला पट्टीच्या आणि साधारण धावपटूला लागणाऱ्या वेळेत फार फरक नसतो. फरक असतो तो जमिनीवर दिलेल्या जोरात. म्हणून स्प्रिंटर जिममध्ये एवढा वेळ घालवतात.

तिसरं काम सर्वांत कमी दिसणारं. अव्वल महिला साधारण पन्नास-साठ मीटरला आपल्या कमाल वेगाला पोचतात. तो ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. त्यानंतर प्रत्येक जण मंदावते. अपवाद नाही. स्नायूंमधला तयार इंधनाचा साठा पहिल्या काही सेकंदांत ओसरतो, मेंदूकडून स्नायूंना जाणारे इशारे तेवढ्या तडफेने जात नाहीत, पाऊल जमिनीवर किंचित जास्त रेंगाळतं. शेवटच्या वीस मीटरांत एखादी ‘मुसंडी मारून’ पुढे आली असं समालोचक ओरडतात तेव्हा तीही मंदावतच असते, फक्त बाकीच्यांपेक्षा कमी. उंच धावपटूंना इथे थोडा फायदा होतो, कारण त्यांना कमी पावलं टाकावी लागतात. बुटक्यांची इथेच परीक्षा.

कारकिर्दीच्या पहिल्या भागात शेली-अ‍ॅन पहिल्या कामात जगात सर्वोत्तम होती आणि त्या आघाडीच्या जोरावर तिसरं काम निभावून न्यायची. दुसऱ्या भागात तिने तिसरं काम शिकून घेतलं, असं माझं मत आहे. पुरावा पुढे देतो.

वॉटरहाउस ते बीजिंग

किंग्स्टनमधली वॉटरहाउस ही वस्ती गरिबीसाठी आणि गोळीबारासाठी कुप्रसिद्ध. आई रस्त्यावर माल विकायची, तीही तरुणपणी धावायची. घरात एकच पलंग, त्यावर आई आणि मुलं. जमैकाबद्दल लिहिताना ‘गरिबीतून पळत सुटलेली मुलगी’ ही गोष्ट फार लवकर सांगून टाकली जाते, म्हणून थोडं थांबून दुसरी बाजूही सांगतो. वॉटरहाउसच्या मुलीसाठी पळण्याची एक तयार व्यवस्था होती.

जमैकाची लोकसंख्या सुमारे २८ लाख, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षा कमी. तिथे १९१० पासून माध्यमिक शाळांची अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा भरते, तिला सगळे नुसतं ‘चॅम्प्स’ म्हणतात. राष्ट्रीय स्टेडियम भरतं, माजी विद्यार्थी शाळेचे रंग घालून येतात, टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हजारो लोकांच्या आरड्याओरड्यात ब्लॉक्सवर बसायची सवय शाळेतच होते. चांगल्या मुलीला चांगली शाळा बोलावून घेते. शेली-अ‍ॅन किंग्स्टनच्या वुल्मर्स या जुन्या, नावाजलेल्या मुलींच्या शाळेत गेली.

पूर्वी पुढचा टप्पा ठरलेला असायचा: अमेरिकेतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती. तिकडे विद्यापीठासाठी वर्षभर इतक्या शर्यती धावाव्या लागायच्या की बरेच जण थकून, दुखावून परत यायचे. १९९९ मध्ये स्टीफन फ्रान्सिस यांनी काही सहकाऱ्यांसह किंग्स्टनमध्येच एमव्हीपी नावाचा क्लब काढला आणि देशातच राहून जागतिक स्प्रिंटर घडवता येतो हे आसाफा पॉवेलला घडवून दाखवलं. हा क्लब तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गवताच्या ट्रॅकवर सराव करायचा. हो, गवताच्या. सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून आपली मुलं मागे पडतात असं आपल्याकडे नेहमी ऐकू येतं, तेव्हा हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

फ्रान्सिस यांच्या हाताखाली आली तेव्हा शेली-अ‍ॅन चांगली होती, पण असामान्य नव्हती. २००७ अखेर तिची सर्वोत्तम वेळ ११.३१ होती. ओसाकाच्या विश्वस्पर्धेला ती रिलेची राखीव खेळाडू म्हणून गेली, हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, धावली आणि संघाच्या रौप्यपदकात तिचाही वाटा धरला गेला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय निवड चाचणीत ती १०.८५ धावून दुसरी आली आणि गोंधळ उडाला. कारण चौथ्या क्रमांकावर राहिली होती व्हेरोनिका कॅम्पबेल-ब्राउन, १०० मीटरची तत्कालीन विश्वविजेती. नियम सरळ होता, पहिले तीन ऑलिम्पिकला जातील. तरी ‘या पोरीला बसवा आणि व्हेरोनिकाला पाठवा’ अशी मागणी उघडपणे झाली.

निवड नियमाप्रमाणेच झाली. बीजिंगमध्ये शेली-अ‍ॅन ०.२० सेकंदांच्या फरकाने जिंकली आणि मागे दोन जमैकन मुली, शेरोन सिम्पसन आणि केरॉन स्ट्युअर्ट, १०.९८ अशी अगदी सारखी वेळ देऊन रौप्यपदक वाटून घेत्या झाल्या. ब्राँझ कुणालाच मिळालं नाही. कॅम्पबेल-ब्राउनने २०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिचंही काही नुकसान झालं नाही.

एका वर्षात अर्ध्या सेकंदाची सुधारणा. या खेळाचा इतिहास असा आहे की अशी उडी दिसली की लोक आधी भुवया उंचावतात आणि मग टाळ्या वाजवतात. तो संशय वाचकालाही येईल, म्हणून त्याबद्दल आत्ताच.

दातदुखीची किंमत

मे २०१० मध्ये शांघायच्या स्पर्धेनंतर तिच्या नमुन्यात ऑक्सिकोडोन सापडलं. हे तीव्र वेदनाशामक आहे. त्याने वेग वाढत नाही आणि दुसरं औषध लपवताही येत नाही, पण ते प्रतिबंधित यादीत आहे. दात प्रचंड दुखत होता, प्रशिक्षकांजवळचं औषध घेतलं आणि चाचणीच्या फॉर्मवर लिहायचं राहिलं, असं तिचं म्हणणं. सहा महिन्यांची बंदी आली.

उत्तेजकविरोधी नियमांचा पाया समजून घ्यायला हे उदाहरण बरं आहे. इथे हेतू नंतर बघतात. शरीरात पदार्थ सापडला की जबाबदारी खेळाडूची, मग तो कुणी दिला, का दिला हे शिक्षा कमी-जास्त करण्यापुरतं. औषध खरंच लागत असेल तर आधी अर्ज करून वैद्यकीय सूट घ्यायची. शिवाय बड्या खेळाडूंना रोज एक तास आपण नेमके कुठे सापडू हे आगाऊ कळवावं लागतं, म्हणजे चाचणी घेणारे न सांगता येऊ शकतात. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर तोही गुन्हाच. शेली-अ‍ॅनच्या बाबतीत अठरा वर्षांत सापडलेली गोष्ट ही एवढीच.

पहिला डोंगर

२००९ ला बर्लिनमध्ये १०.७३ आणि विश्वविजेतेपद. २०११ ला पोटरीच्या दुखापतीतून उठून चौथी. २०१२ ला लंडनमध्ये पुन्हा ऑलिम्पिक सुवर्ण, १०.७५ म्हणजे बरोबर पावणेअकरा सेकंद, अमेरिकेच्या कार्मेलिटा जेटरच्या ०.०३ सेकंद पुढे. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये महिलांची १०० मीटर जिंकणारी ती तिसरीच. आधीच्या दोघी वायोमिया टायस आणि गेल डेव्हर्स. त्याच वर्षी तिने बाल व किशोर विकास या विषयातली पदवीही पूर्ण केली. २०१३ ला मॉस्कोत १००, २०० आणि रिले अशी तिन्ही सुवर्णं, २०१५ ला बीजिंगमध्ये आणखी एक विश्वविजेतेपद.

या काळातली तिची सर्वोत्तम वेळ १०.७०, जून २०१२ ची. हा आकडा लक्षात ठेवा. नऊ वर्षं तो तसाच राहणार होता.

या पातळीवरच्या स्प्रिंटरचं वर्ष कसं जातं, तेही थोडक्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरुवात होते ती वजनं उचलणं, चढावर धावणं, जड स्लेज ओढणं अशा कामांनी. जसजसा उन्हाळा जवळ येतो तसतसा सराव कमी आणि तीव्र होत जातो. पूर्ण वेगाने साठ मीटर धावल्यावर पुढच्या फेरीआधी कित्येक मिनिटं नुसतं थांबायचं, कारण थकलेल्या शरीराने सराव केला तर शरीर मंद धावणंच शिकतं. पाहणाऱ्याला हा सराव कंटाळवाणा वाटतो: माणसं उभी आहेत, पाणी पीत आहेत, मधेच एकदा धावतात, पुन्हा उभी. एका सत्रात पूर्ण वेगाने कापलेलं अंतर काही शे मीटरच असतं. जूनअखेर राष्ट्रीय चाचणी, तिथे पहिल्या तिघांत यायचं. मग मोठी स्पर्धा, तिथे दोन दिवसांत हीट, सेमीफायनल, फायनल. आठ-दहा महिन्यांची तयारी त्या दोन दिवसांना नेमकी जुळली पाहिजे. पंधरा दिवस आधी जुळली तर उपयोग नाही.

पैशाचं गणितही याला बांधलेलं असतं. विश्वस्पर्धेतल्या सुवर्णाला २०२२ मध्ये ७० हजार डॉलर होते. ऑलिम्पिक सुवर्णाला जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेकडून २०२४ पर्यंत एक पैही नव्हती, पॅरिसला प्रथमच ५० हजार डॉलर दिले गेले. खरी कमाई बूट कंपनीच्या करारातून आणि स्पर्धांच्या मानधनातून. त्या करारांत दुखापत झाली, क्रमवारी घसरली की रक्कम कमी करण्याची कलमं असतात. म्हणजे पाय दुखावला की पगारही दुखावतो.

२०१६ ला रिओमध्ये तिचा पाय दुखावलेलाच होता. पायाचं बोट सुजलेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रत्येक पावलात तळवा जमीन सोडतो तो बोटांवरून, आणि मघाशी सांगितलेला तो चार-पाच पट जोर शेवटी तिथूनच जातो. १०.८६, ब्राँझ. सुवर्ण मिळालं तिच्याच क्लबच्या, तिच्याबरोबर सराव करणाऱ्या एलेन थॉम्पसनला, १०.७१ मध्ये. शेली-अ‍ॅन एकोणतीस वर्षांची. आलेखाप्रमाणे इथे गोष्ट संपायला हवी होती.

मुलगा आणि त्यानंतर

२०१७ च्या सुरुवातीला ती गरोदर असल्याचं कळलं. ६ ऑगस्टला लंडनच्या विश्वस्पर्धेत महिलांची १०० मीटर फायनल झाली आणि ७ ऑगस्टला किंग्स्टनमध्ये तिचा मुलगा जन्मला, सिझेरियनने.

स्प्रिंटरसाठी सिझेरियन म्हणजे नेमकं काय? पायाचा जोर कंबरेतून आणि पोटाच्या स्नायूंमधून वरच्या अंगाशी जोडलेला असतो. पाऊल टेकतं त्या क्षणी धड ताठ राहिलं नाही, तर जमिनीकडून मिळालेला धक्का पुढे जाण्याऐवजी कमरेत वाकून वाया जातो. शस्त्रक्रियेत पोटाची भिंत थराथराने उघडलेली असते, गरोदरपणात ते स्नायू आधीच ताणून लांब झालेले असतात. म्हणजे पाय तेच, पण त्यांना धरून ठेवणारा दुवा नव्याने बांधायचा.

याला आर्थिक बाजूही होती. त्या काळात बूट कंपन्यांच्या करारात बाळंतपणाला संरक्षण नव्हतं. अमेरिकेची धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स हिने २०१९ मध्ये आपल्या प्रायोजकाबद्दल, नाइकेबद्दल, वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिलं आणि त्याच वर्षी कंपनीने धोरण बदललं. त्याआधीच्या कित्येक जणींनी मूल किंवा धावणं यातलं एक निवडलं.

शेली-अ‍ॅन २०१८ मध्ये परतली आणि १०.९८ धावली. चांगलं, पण पदकाचं नाही. २०१९ मध्ये दोहाला १०.७१ धावून ती बत्तिसाव्या वर्षी चौथ्यांदा १०० मीटरची विश्वविजेती झाली आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन तिने ट्रॅकवर फेरी मारली. केस इंद्रधनुष्याच्या रंगांचे. केसांचा तिला शौक आहे, तिने त्याचा व्यवसायही केला. पुढे मुलाच्या शाळेच्या क्रीडादिनी पालकांच्या शर्यतीतही ती धावली. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. बाकीच्या आयांचा त्यात काही दोष नव्हता.

२०२० अखेर तिने आणखी एक धाडस केलं: ज्यांनी घडवलं त्या फ्रान्सिस यांचा क्लब सोडून रेनाल्डो वॉलकॉट या तुलनेने नवख्या प्रशिक्षकाकडे गेली. ५ जून २०२१, किंग्स्टन, १०.६३. नऊ वर्षांचा जुना आकडा गेला. टोकियो ऑलिम्पिकला १०.७४ आणि रौप्य, कारण एलेन थॉम्पसन-हेरा १०.६१ धावली. रिलेत सुवर्ण. मग ऑगस्टमध्ये लोझान.

कसं जमलं असेल

सोपं उत्तर बुटांचं आहे. २०१९-२० नंतर कार्बनची पट्टी आणि नव्या प्रकारचा फोम असलेले स्पाइक्स आले आणि सगळ्याच स्प्रिंटच्या वेळा सुधारल्या. शेली-अ‍ॅनच्या वेळेतला काही भाग नक्कीच बुटांचा आहे. वाऱ्याचाही आहे. लोझानला पाठीमागून सेकंदाला १.७ मीटर वारा होता, २.० पर्यंत चालतो. पण बूट सगळ्यांच्या पायात होते आणि वारा सगळ्यांच्या पाठीला. आणि त्या तिच्यापेक्षा वयाने लहान होत्या.

आता तो पुरावा. तिची २०० मीटरची सर्वोत्तम वेळ लंडन २०१२ ची होती, २२.०९. जून २०२१ मध्ये ती २१.७९ धावली. २०० मीटरला नुसती सुरुवात कामाला येत नाही, तिथे वेग धरून ठेवावाच लागतो. शंभरात एक दशांश आणि दोनशेत तीन दशांश सुधारणा, म्हणजे बदल मुख्यतः शर्यतीच्या उत्तरार्धात झाला. तिने मंदावणं कमी केलं होतं. हे तंत्राने साधतं: गुडघा समोर उचलला जाणं, पाऊल शरीराच्या फार पुढे न पडता खालीच पडणं, खांदे न आवळणं. शरीराची चपळाई वयाबरोबर थोडी घटते, वेगाचे स्नायूतंतू बारीक होतात. पण तंत्रात आधीच शिल्लक जागा असेल तर तिथून भरपाई होऊ शकते. बोल्टकडे ती जागा फारशी उरली नव्हती, त्याचा उत्तरार्ध बाविसाव्या वर्षीच जगात सर्वोत्तम होता.

मला दुसरंही एक कारण पटतं. बाळंतपणाच्या निमित्ताने तिच्या पायांना जवळजवळ पूर्ण वर्षाची सुट्टी मिळाली. दहा वर्षं सतत कमाल वेगाचे धक्के खाल्लेल्या स्नायुबंधांना अशी विश्रांती कुठलाच प्रशिक्षक आपणहून देत नाही.

२०२२ हे तिचं शिखर. पस्तिसाव्या वर्षी एकाच हंगामात सात वेळा १०.७० च्या आत. यूजीनच्या विश्वस्पर्धेत १०.६७, तेव्हाचा स्पर्धाविक्रम, मागे शेरिका जॅक्सन आणि थॉम्पसन-हेरा, तिघी जमैकाच्या. १०० मीटरचं हे तिचं पाचवं विश्वविजेतेपद. बोल्ट, कार्ल लुईस, मॉरिस ग्रीन तिघेही तीनवर थांबले आहेत. तिच्यापेक्षा वेगवान वेळ आजवर दोघींचीच, थॉम्पसन-हेराची १०.५४ आणि फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरची १९८८ ची १०.४९. या दुसऱ्या आकड्याच्या वेळी वारामापक शून्य दाखवत होता आणि तो बिघडला असावा असं अनेक जाणकार आजही म्हणतात. विक्रम मात्र पुस्तकात आहे.

पाय थकतात तेव्हा

स्प्रिंटरची सर्वांत नेहमीची दुखापत मांडीच्या मागच्या स्नायूची, हॅमस्ट्रिंगची. ती बहुधा जोर लावताना होत नाही. पाय हवेतून पुढे झेपावतो तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच त्या पायाला ब्रेक लावत असतो. पूर्ण वेगात या क्षणी तंतू तुटतात. वय वाढलं, आधीच्या जखमेचा व्रण राहिला की धोका वाढत जातो, आणि त्यावर फक्त थांबणं हाच उपाय.

२०२३ चा हंगाम गुडघ्याच्या दुखण्याने उशिरा सुरू झाला. बुडापेस्टला १०.७७ आणि ब्राँझ, पण रिलेत हॅमस्ट्रिंग दुखावला. २०२४ ला पॅरिसमध्ये, आपल्या पाचव्या ऑलिम्पिकमध्ये, तिने हीट पार केली आणि सेमीफायनलआधी दुखापतीमुळे माघार घेतली. ऑलिम्पिक पदकं आठवरच राहिली: तीन सुवर्ण, चार रौप्य, एक ब्राँझ.

बहुतेक जणी इथे निवृत्तीचं पत्रक काढतात. तिने आणखी एक वर्ष मागून घेतलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, टोकियोच्या विश्वस्पर्धेत, अडतिसाव्या वर्षी ती १०० मीटरच्या फायनलमध्ये होती. सहावी आली, ११.०३. तुलनेसाठी सांगतो, भारतीय महिलांचा राष्ट्रीय विक्रम द्युती चंदचा आहे, २०२१ मध्ये पतियाळाला केलेला, ११.१७.

एक आठवड्यानंतर रिले. चार धावपटूंपैकी पहिली ब्लॉक्समधून सुटते, वळणावर धावते आणि बॅटन देते, तिला तो घ्यावा लागत नाही. म्हणून ही जागा संघातल्या सर्वांत भरवशाची सुरुवात करणारीला दिली जाते. जमैकाने ती शेली-अ‍ॅनला दिली. अमेरिका ४१.७५, जमैका ४१.७९. हे रौप्य विश्वस्पर्धांमधलं तिचं सतरावं पदक होतं, आणि त्यानंतर ती स्पर्धेत धावली नाही.